एनएफएलमध्ये कोण किती खेळला? स्नॅप काउंटविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तीन प्रकारच्या वाचकांकडून पुन्हा पुन्हा येतात: अमेरिकन फुटबॉल नव्याने पाहू लागलेले, न्यू जर्सी किंवा टेक्ससमध्ये मुलांच्या नादाने या खेळात ओढले गेलेले आईबाबा, आणि भारतात बसून फॅन्टसी लीग खेळणारे. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे सगळं एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, नियमित हंगामाबद्दल आहे. २०२१पासून या हंगामात प्रत्येक संघ १७ सामने खेळतो.

१. खेळाडू किती मिनिटं खेळला हे सरळ का सांगत नाहीत?

मिनिटांवरून या खेळात फारसं काही कळत नाही म्हणून. सामन्याचं घड्याळ ६० मिनिटांचं असतं, पण दोन चालींच्या मधल्या वेळातही ते बऱ्याचदा चालूच राहतं. चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो सगळा वेळ मिळून साधारण ११ मिनिटांचा. शिवाय प्रत्येक चालीनंतर कितीही खेळाडू बदलता येतात. क्रिकेटमध्ये अकरात नाव आलं की क्षेत्ररक्षणाचा पूर्ण डाव मैदानात काढायचा असतो. इथे एखादा खेळाडू एका चालीला आत येतो, पुढच्या दोन चाली बाहेर बसतो आणि पुन्हा येतो. त्यामुळे मोजायचं एकक मिनिट नसून चाल आहे, आणि चाल सुरू होते स्नॅपने.

२. स्नॅप काउंट म्हणजे नेमकं काय, आणि तो कोण ठेवतं?

चेंडू असलेल्या संघाच्या पुढच्या रांगेत मधोमध असलेला सेंटर चेंडू मागे देतो तो स्नॅप. ज्या खेळाडूचे पाय त्या क्षणी मैदानात आहेत, त्याच्या नावावर एक स्नॅप जमा होतो. मग त्याने टचडाउन केलेला असो वा त्याच्याकडे चेंडू फिरकलाही नसो. सामना संपल्यावर लीग जे अधिकृत गेमबुक काढते, त्याच्या शेवटाकडे दोन्ही संघांचा तक्ता असतो. त्यात ऑफेन्स (चेंडू असलेली बाजू), डिफेन्स (तिला अडवणारी बाजू) आणि स्पेशल टीम्स (किकच्या चाली) असे तीन वेगळे रकाने, आणि प्रत्येकात आकडा व टक्केवारी. प्रो फुटबॉल रेफरन्ससारख्या संकेतस्थळावर २०१२ हंगामापासूनचे स्नॅप काउंट सहज सापडतात. त्याआधीच्या खेळाडूंची तुलना करताना हाताशी उरतात ते फक्त सामने आणि स्टार्ट, आणि ते किती फसवे असतात ते प्रश्न ६मध्ये आहे.

३. एका सामन्यात साधारण किती स्नॅप होतात?

एका संघाच्या ऑफेन्सचे बहुतेक वेळा ६० ते ६५. एका संघाचा ऑफेन्स म्हणजे दुसऱ्याचा डिफेन्स, त्यामुळे तिथेही तोच आकडा. स्पेशल टीम्सचे म्हणजे किकऑफ, पंट, फील्ड गोल वगैरेंचे स्नॅप याहून बरेच कमी, पंचविसाच्या आसपास. सामना ओव्हरटाइममध्ये गेला तर ते स्नॅपही याच बेरजेत येतात.

४. कोणत्या जागेवरच्या खेळाडूने किती टक्के खेळणं नेहमीचं धरायचं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि तो कळला की अर्धा तक्ता वाचता येतो.

ऑफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे पुढे उभं राहून प्रतिस्पर्ध्यांना अडवणारे पाच जण आणि चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक यांचा आकडा १०० टक्के असतो. त्यांना आलटूनपालटून खेळवत नाहीत, कारण लाइनच्या पाच जणांना एकमेकांच्या हालचालीची सवय असावी लागते. म्हणून लाइनमधल्या लेफ्ट गार्डच्या नावासमोर ८२ टक्के दिसले तर काहीतरी घडलं आहे असं समजा: दुखापत, हकालपट्टी, किंवा निकाल लागून गेल्यावर त्याला दिलेली विश्रांती.

इथे मला क्लीव्हलँड ब्राउन्सच्या जो थॉमसबद्दल सांगायलाच हवं. लेफ्ट टॅकलच्या जागेवर तो २००७पासून सलग १०,३६३ स्नॅप खेळला. २२ ऑक्टोबर २०१७ला टेनेसी टायटन्सविरुद्ध ट्रायसेप्सला दुखापत होईपर्यंत तो एकदाही बाहेर गेला नव्हता. त्या काळात ब्राउन्स बहुतेक हंगाम हरत होते, क्वार्टरबॅक बदलत होते, प्रशिक्षक बदलत होते. थॉमसच्या कामगिरीत यार्ड नाहीत, टचडाउन नाहीत. लाइनमनच्या नावावर आकड्यांत जमा होतं ते जवळपास एवढंच, म्हणून मला स्नॅप काउंट इतका मोलाचा वाटतो. २०२३मध्ये थॉमसला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं.

बाकीच्या ऑफेन्सचं असं: पास झेलणारे पहिल्या फळीचे वाइड रिसीव्हर ८० ते ९५ टक्के, पास झेलणारा आणि ब्लॉकही करणारा मुख्य टाइट एंड ७० ते ९०. चेंडू घेऊन धावणारे रनिंग बॅक बहुतेक संघांत दोघांत वाटलेले असतात, त्यामुळे ५५ ते ७० टक्के मिळाले तरी तो मुख्यच. २०१९मध्ये कॅरोलायनाचा क्रिस्चन मॅकॅफ्री ९० टक्क्यांहून जास्त स्नॅप खेळला, तो अपवाद.

डिफेन्समध्ये मागच्या फळीतले सेफ्टी आणि कॉर्नरबॅक १००च्या जवळ असतात. लाइन आणि मागची फळी यांच्या मध्ये उभ्या असलेल्या एका लाइनबॅकरच्या हेल्मेटवर हिरवा ठिपका दिसेल. त्याच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज ऐकू येणारा स्पीकर असतो आणि तोच बाकीच्यांना डावपेच सांगतो, म्हणून तोही सहसा बाहेर येत नाही. डिफेन्सिव्ह लाइनचा हिशोब मात्र निराळा, तो पुढच्या प्रश्नात.

५. आमचा डिफेन्सिव्ह टॅकल फक्त ५५ टक्के खेळतो. तो राखीव झाला का?

नाही. त्या जागेवर ५५ टक्के म्हणजे बहुधा पहिल्या पसंतीचा खेळाडू. १३५-१४० किलोचा माणूस प्रत्येक चालीला तेवढ्याच वजनाच्या एकदोघांना ढकलत असतो. चौथ्या क्वार्टरमध्ये क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचायचं तर पायांत जोर शिल्लक हवा, म्हणून संघ सहा-आठ लाइनमन फिरवत ठेवतात.

असाच गैरसमज तिसऱ्या लाइनबॅकरबद्दल होतो. आता संघ बहुतेक वेळ पाच डिफेन्सिव्ह बॅक घेऊन खेळतात, ज्याला निकेल म्हणतात. प्रतिस्पर्धी तीन रिसीव्हर उतरवतो, म्हणून तिसऱ्या लाइनबॅकरला काढून पाचवा बॅक आणावा लागतो. कागदावरच्या संघरचनेत त्या लाइनबॅकरचं नाव पहिल्या रांगेत असतं, पण तो ३० टक्केच खेळतो. उलट ‘राखीव’ म्हणून छापलेला निकेल कॉर्नर ७० टक्के खेळून जातो. अशा वेळी स्नॅपच्या रकान्यावर विश्वास ठेवा, छापील यादीवर नको.

६. ‘सामने १, स्टार्ट १’ असं लिहिलं असेल तर तो पूर्ण सामना खेळला असं समजायचं का?

अजिबात नको. ११ सप्टेंबर २०२३ला ॲरन रॉजर्स न्यूयॉर्क जेट्सकडून बफलो बिल्सविरुद्ध उतरला आणि चौथ्या स्नॅपला त्याची टाच-शीर तुटली. त्या हंगामाच्या नोंदीत सामने १, स्टार्ट १ असंच दिसतं. स्नॅप ४.

स्टार्ट म्हणजे आपल्या फळीच्या पहिल्या चालीला मैदानात असणं, एवढंच. पहिल्या चालीला संघाने दोन टाइट एंड उतरवले तर तिसऱ्या रिसीव्हरला स्टार्ट मिळत नाही, मग पुढे तो ५० स्नॅप का खेळेना. ‘सामना खेळला’ ही नोंदही एका चालीवर मिळते, आणि ती चाल किकऑफची असली तरी चालते.

७. आकडा पाहायचा की टक्केवारी?

दोन्ही, पण वेगवेगळ्या कारणासाठी. टक्केवारीवरून प्रशिक्षकाच्या योजनेत त्या खेळाडूची जागा कळते, तर आकड्यावरून त्याला मिळालेली संधी आणि त्याच्या अंगावर पडलेला भार. समजा एका आठवड्यात संघाने ७५ स्नॅप खेळले आणि रनिंग बॅकने त्यातले ४५. पुढच्या आठवड्यात संघाचे ५२ स्नॅप झाले आणि त्याचे ३९. आकडा ४५वरून ३९वर घसरला, पण टक्केवारी ६०वरून ७५वर चढली. त्याची भूमिका वाढली आहे. कमी झाले ते संघाचे स्नॅप, आणि त्याची कारणं त्याच्या हातात नसतात. सलग तीन-चार आठवडे टक्केवारी एकाच दिशेला सरकत असेल तर मी ती गंभीरपणे घेतो.

८. त्याच खेळाडूचे एकीकडे ९० टक्के आणि दुसरीकडे ४८ टक्के कसे?

छेद वेगळा आहे. समजा एक कॉर्नरबॅक १७पैकी ९ सामने खेळला आणि त्या प्रत्येकात ९० टक्के स्नॅपना होता. खेळलेल्या सामन्यांचे स्नॅप छेदात धरले तर उत्तर ९०. संघाच्या पूर्ण हंगामाचे स्नॅप धरले तर सुमारे ४८. पहिल्या आकड्यातून तंदुरुस्त असताना त्याची भूमिका कळते, दुसऱ्यातून संघाला तो वर्षभरात किती मिळाला ते कळतं. करारांत आणि बोनसमध्ये दुसराच आकडा चालतो (प्रश्न १४ पाहा). कुणी टक्केवारी सांगितली की ‘कशाच्या टक्के?’ एवढं आधी विचारा. यावरचे बरेच वाद तिथेच मिटतात.

९. एका सामन्यात स्नॅप अचानक कमी झाले. प्रशिक्षकाची मर्जी गेली का?

तसं ठरवण्याआधी चालींची क्रमवार नोंद उघडा. शेवटचे दीड क्वार्टर संघ ३० गुणांनी पुढे किंवा मागे असेल, तर मुख्य खेळाडूंना काढून घेतलेलं असतं. डोक्याला मार लागल्याच्या संशयाने तपासणीसाठी आत नेलेला खेळाडू बरा ठरूनही दहा-बारा स्नॅप गमावतो. दुखापतीतून परतणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात मोजूनच स्नॅप देतात, आणि पत्रकार परिषदेत प्रशिक्षक बहुतेकदा तसं सांगतातही. यापैकी काहीच नसेल आणि त्याच्या जागी दुसरा कुणीतरी चुरशीच्या वेळी, तिसऱ्या डाउनला (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) उभा दिसत असेल, तर मात्र बदल खरा आहे.

१०. माझा रिसीव्हर ९० टक्के स्नॅप खेळला आणि कॅच एकच. मग स्नॅपचा उपयोग काय?

स्नॅप म्हणजे हजेरी. त्या ६० स्नॅपमधले २५-३० रनचे असू शकतात, तिथे रिसीव्हरचं काम समोरच्या कॉर्नरला अडवणं. उरलेल्या पासच्या चालींत तो किती वेळा रूट (पास घेण्यासाठी ठरलेला मार्ग) धावला, त्यातल्या किती वेळा चेंडू त्याच्याकडे फेकला गेला आणि किती झेलला, या पुढच्या तीन पायऱ्या. टाइट एंडच्या बाबतीत हे आणखी ठळक: दोघांचेही ७० टक्के स्नॅप, पण एक जवळजवळ प्रत्येक पासला रूट धावतो आणि दुसरा अर्ध्या वेळा लाइनशेजारी ब्लॉक करत राहतो. फॅन्टसीसाठी पहिला घ्या. दुसरा संघाला तेवढाच हवा असतो.

रूटचे आकडे अधिकृत गेमबुकमध्ये मिळत नाहीत. ते व्हिडिओ पाहून नोंदी करणाऱ्या कंपन्यांकडून येतात, किंवा खेळाडूंच्या शोल्डर पॅडमध्ये बसवलेल्या चिपवर चालणाऱ्या लीगच्या नेक्स्ट जेन स्टॅट्सकडून.

११. दोन ठिकाणचे स्नॅप काउंट जुळत नाहीत. बरोबर कोणता?

नियम वेगळे असल्यामुळे दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. मुख्य भानगड पेनल्टीची. फॉल्स स्टार्ट (स्नॅपआधीच ऑफेन्सची हालचाल) झाला तर चाल सुरूच होत नाही, त्यामुळे तिथे प्रश्न नाही. पण चाल पूर्ण खेळली गेली आणि मग होल्डिंगमुळे (प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवल्यामुळे) रद्द झाली, तर खेळाडूचे पाय धावलेच ना? कुणी ती मोजतं, कुणी सोडून देतं. वेळ काढण्यासाठी गुडघा टेकणं आणि घड्याळ थांबवण्यासाठी चेंडू जमिनीवर आपटणं, या चालीही काही विश्लेषक वगळतात. बॉक्स स्कोअरमधल्या चालींच्या बेरजेशी ताळा करायला जाल तर तोही बसेलच असं नाही, कारण टचडाउननंतरचे दोन गुणांचे प्रयत्न त्या बेरजेत नसतात. एकच स्रोत धरा आणि हंगामभर तोच वापरा. पैशांचा संबंध असेल तिथे लीगचा अधिकृत आकडा.

१२. ऑफेन्स ०, डिफेन्स ०, तरी हा खेळाडू संघात कशाला?

तिसरा रकाना पाहा. मॅथ्यू स्लेटर हा २००८ ते २०२३ न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे होता. नोंद वाइड रिसीव्हर म्हणून, आणि इतक्या वर्षांत कॅच एक, ४६ यार्डांचा. पण पंट आणि किकऑफवर सगळ्यांच्या आधी खाली पोहोचणारा तोच, आणि त्या कामासाठी त्याची प्रो बोलसाठी, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीत, दहा वेळा निवड झाली. संघातल्या शेवटच्या दहा-बारा जागा बऱ्याचदा याच रकान्यावर ठरतात. चौथ्या रिसीव्हरच्या किंवा पाचव्या लाइनबॅकरच्या पालकांना मी नेहमी सांगतो की मुलाचे स्पेशल टीम्सचे स्नॅप आधी पाहा, त्याची नोकरी तिथे आहे.

मात्र हा रकाना दुसऱ्या दोघांत मिसळू नका. ८० टक्के स्पेशल टीम्स म्हणजे २० स्नॅप, ८० टक्के ऑफेन्स म्हणजे पन्नास.

१३. दोन्ही बाजूंनी खेळणाऱ्याची टक्केवारी कशी मोजायची?

वेगवेगळी ठेवायची. ६० टक्के ऑफेन्स आणि ४० टक्के डिफेन्स यांची बेरीज १०० होत नाही, कारण छेद दोन आहेत. भार समजून घ्यायचा असेल तर टक्के सोडा आणि आकड्यांची बेरीज करा.

१९५०मध्ये एनएफएलने अमर्याद बदली खेळाडूंना कायमची मुभा दिली आणि दोन्हीकडे खेळणारे जवळपास संपले. १९६०मध्ये फिलाडेल्फियाचा चक बेडनारिक सेंटर आणि लाइनबॅकर अशा दोन्ही जागा सांभाळत होता, तो त्या परंपरेतला शेवटच्यांपैकी. अलीकडे कोलोरॅडो विद्यापीठातून आलेल्या ट्रॅव्हिस हंटरने हा विषय पुन्हा जिवंत केला. तो कॉर्नरबॅकही आणि रिसीव्हरही. कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूची २०२४ची हाइजमन ट्रॉफी जिंकून २०२५च्या ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तिथे) दुसऱ्या क्रमांकावर तो जॅक्सनव्हिल जॅग्वार्सकडे गेला. त्याच्यासारख्याचा तक्ता वाचताना आठवड्यागणिक दोन्ही रकाने शेजारी मांडा.

अधूनमधून डिफेन्सिव्ह एंडच्या नावापुढे ऑफेन्सचे दोन स्नॅप दिसतील. ती चूक नसते. गोललाइनजवळ टाइट एंड म्हणून मोठ्या माणसाला उतरवतात. ह्यूस्टनच्या जे. जे. वॉटने २०१४मध्ये असे तीन टचडाउन पास झेलले.

१४. स्नॅपवर खेळाडूंचे पैसे खरंच ठरतात का?

हो, आणि मला वाटतं हा सगळ्या विषयाचा गाभा आहे. चार वाटा आहेत.

पहिली, परफॉर्मन्स बेस्ड पे. नियमित हंगामातले ऑफेन्स, डिफेन्स आणि स्पेशल टीम्सचे एकूण स्नॅप भागिले त्या हंगामातलं मानधन, असा निर्देशांक काढतात आणि संघातल्या इतरांशी तुलना करून निधी वाटतात. पगार कमी आणि खेळ जास्त असलेल्यांना, म्हणजे ड्राफ्टच्या शेवटच्या फेऱ्यांतून आलेल्या तरुणांना, याचा सगळ्यात जास्त फायदा.

दुसरी, पगारवाढीचं कलम. तिसऱ्या ते सातव्या फेरीत निवडलेल्या खेळाडूने पहिल्या तीनपैकी दोन हंगामांत ३५ टक्के स्नॅप खेळले, किंवा तिन्हींची मिळून सरासरी ३५ राखली, तर चौथ्या वर्षी त्याचा पगार चढतो. दुसऱ्या फेरीसाठी ही अट ६० टक्क्यांची. तिन्ही हंगामांत ५५ टक्के ओलांडले तर वरचा टप्पा मिळतो.

तिसरी, पहिल्या फेरीतल्यांसाठी पाचव्या वर्षाचा पर्याय, म्हणजे करार आणखी एक वर्ष वाढवण्याचा संघाचा हक्क. त्याची रक्कम ठरवताना तीनपैकी दोन हंगामांत ७५ टक्के, किंवा तिन्हींची सरासरी ७५, किंवा प्रत्येक हंगामात किमान ५० टक्के, यांपैकी एक अट पूर्ण झाली का ते पाहतात. प्रो बोलची निवड त्याहून वरचढ.

चौथी, वैयक्तिक करारातली अट. २०१८मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचा क्वार्टरबॅक निक फोल्स याला नियमित हंगामाचे ३३ टक्के स्नॅप खेळून संघ प्लेऑफला गेला तर १० लाख डॉलर मिळणार होते. तो कार्सन वेंट्झचा बदली म्हणून खेळत होता. वॉशिंग्टनविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात छातीला मार लागून तो बाहेर गेला आणि अट चार स्नॅपनी हुकली. संघाने ती रक्कम त्याला दिली, पण देणं बंधनकारक नव्हतं. डिसेंबरच्या शेवटी चार स्नॅपना किती वजन येतं ते यावरून दिसतं.

१५. शून्य स्नॅप खेळूनही खेळाडूचा हंगाम मोजला जातो का?

जातो. फ्री एजंट, म्हणजे दुसऱ्या संघाशी करार करायला मोकळा, होण्यासाठी जे हंगाम मोजतात, त्यासाठी पूर्ण पगारावर किमान सहा नियमित सामने संघाच्या यादीत असावं लागतं. मैदानात पाय ठेवण्याची अट नाही. राखीव क्वार्टरबॅकची कारकीर्द याच नियमावर उभी राहते. प्रॅक्टिस स्क्वॉडवर (सरावासाठी घेतलेल्या खेळाडूंच्या गटात) घालवलेले आठवडे यात धरत नाहीत.

गेमबुकमधल्या दोन याद्यांची गल्लत टाळा. ‘नॉट ॲक्टिव्ह’ म्हणजे ५३ जणांच्या संघात आहे, पण सामन्याच्या ९० मिनिटं आधी वगळला गेला. सामन्याच्या दिवशी जास्तीत जास्त ४८ जण सक्रिय ठेवता येतात, तेही त्यात आठ ऑफेन्सिव्ह लाइनमन असतील तर. ‘डिड नॉट प्ले’ म्हणजे गणवेश घालून बाकावर होता, उतरला नाही.

एक अपवाद: जानेवारी २०२३मध्ये एनएफसीच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोचे दोन्ही क्वार्टरबॅक जखमी झाले. त्यानंतर २०२३ हंगामापासून तिसरा आपत्कालीन क्वार्टरबॅक ठेवण्याची सोय परत आली. त्याची नोंद निष्क्रियांत असते, तरीही पहिले दोघे खेळण्याच्या स्थितीत नसतील तर तो उतरू शकतो. निष्क्रिय खेळाडूच्या नावावर स्नॅप दिसले तर आधी हे तपासा.

१६. कॉलेज फुटबॉललाही हेच लागू होतं का?

आकडे वाचायची रीत तीच, पण एका स्नॅपचा परिणाम फार वेगळा. २०१८पासून विद्यार्थी खेळाडू चार सामन्यांपर्यंत खेळूनही ते वर्ष ‘रेडशर्ट’ म्हणून वाचवू शकतो, म्हणजे त्याच्या पात्रतेच्या हंगामांतून ते वजा होत नाही. इथे मोजतात ते सामने. पाचव्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला एका किकऑफसाठी उतरला, तरी तो सामना धरला जातो. मुलगा तिकडे खेळत असेल तर टक्केवारीपेक्षा हा हिशोब आधी ठेवा.

१७. प्रीसीझन आणि प्लेऑफचे स्नॅप कुठे धरतात?

दोन्ही वेगळे. प्रश्न १४मधल्या हिशोबांत नियमित हंगामच चालतो. प्रीसीझनमध्ये, म्हणजे हंगामाआधीच्या सराव सामन्यांत, मुख्य खेळाडू दहा-पंधरा स्नॅप खेळले तरी पुष्कळ, त्यावरून काही ठरवू नका. तिथे पाहायचं ते कोण कुणाबरोबर उतरला: नवखा रिसीव्हर पहिल्या फळीच्या क्वार्टरबॅकसोबत आठ स्नॅप खेळला, तर ते तिसऱ्या फळीसोबतच्या चाळीस स्नॅपपेक्षा जास्त बोलकं आहे.

१८. भारतात हे आकडे कधी हाती येतात?

रविवारी दुपारचे अमेरिकन पूर्व किनाऱ्याच्या वेळेने एक वाजताचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेअकराला. त्यांचे तक्ते सोमवारी सकाळी उठेपर्यंत आलेले असतात. रविवार रात्रीचा सामना आपल्याकडे सोमवारी सकाळी संपतो आणि सोमवार रात्रीचा मंगळवारी सकाळी. म्हणजे मंगळवारी दुपारी पूर्ण आठवड्याचं चित्र समोर असतं. अमेरिकेतली बुधवारची पहाट, जेव्हा बऱ्याच फॅन्टसी लीगमध्ये मोकळ्या खेळाडूंवरचे दावे निकालात निघतात, ती आपली बुधवारची दुपार. प्रश्न ७ आणि १० लावून बघायला तेवढा वेळ पुरतो.